लिनक्सवर जुन्या वळणाचा डेस्कटॉप की नव्या? निवडायची पद्धत, पायरीपायरीने

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ओळखीच्या दुकानात मिळणारा वापरलेला लॅपटॉप बहुधा कुठल्या तरी कंपनीतून निघालेला असतो. पाचव्या-सहाव्या पिढीचा इंटेल आय-५, ८ जीबी रॅम, १३६६ × ७६८ किंवा फुल एचडी पडदा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. मग अशा मशीनवर लिनक्स टाकायचं ठरतं. उबुंटू, मिंट की डेबियन, कोणतं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) घ्यायचं यावर चार दिवस खल होतो, पण दिवसभर ज्याच्याशी हात आणि डोळे झगडणार असतात त्या डेस्कटॉपचा, म्हणजे पट्टी, मेन्यू आणि खिडक्या सांभाळणाऱ्या भागाचा, विचार शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. खरं तर क्रम उलटा हवा. आधी डेस्कटॉप ठरवा, मग तो नीट सांभाळणारं डिस्ट्रो शोधा.

‘जुना’ म्हणजे नेमकं काय

या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला अर्थ, जुन्या वळणाची मांडणी: खाली किंवा वर एक पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, उघड्या खिडक्यांची रांग, घड्याळ. दुसरा अर्थ, जुनी आवृत्ती: सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं, कोणी हात न लावलेलं सॉफ्टवेअर. पहिला प्रकार खुशाल घ्या. दुसरा घेऊ नका, मग तो कितीही हलका आणि ओळखीचा असो.

हे दोन्ही वेगळे ठेवता येतात, कारण जुन्या मांडणीचे वारस आजही जिवंत आहेत. ग्नोम २ ही मांडणी २००२ साली आली आणि कित्येक वर्षं लिनक्सचा चेहरा होती. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ ने ती मोडीत काढली. खिडक्यांची रांग गेली, मेन्यू गेला, त्याजागी ‘ॲक्टिव्हिटीज’ हा अख्खा पडदा व्यापणारा आढावा आला. ज्यांना हे रुचलं नाही त्यांनी ग्नोम २ चा सोर्स कोड उचलून ‘माटे’ सुरू केला. दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयावरून हे नाव घेतलंय. उच्चार मात्र आपल्याकडच्या आडनावासारखाच. लिनक्स मिंटने वेगळी वाट धरली. त्यांनी ग्नोम ३ चं नवं तंत्र आत ठेवून वर जुनी मांडणी बसवली, तो ‘सिनॅमन’. ग्नोमचा जुना प्रतिस्पर्धी केडीई, त्याच्या बाजूला जानेवारी २००८ मध्ये ४.० आवृत्ती पुरेशी पिकण्याआधीच बाहेर पडली. लोक वैतागले आणि केडीई ३.५ वरून ‘ट्रिनिटी’ नावाची शाखा, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळा चालवलेला प्रकल्प, निघाली. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप १९९६ पासून आहे; त्याने कधी मोठी उलथापालथ केलीच नाही, म्हणून त्याची मोठी शाखा काढायची वेळही कोणावर आली नाही.

नव्या बाजूला आज खरे दोनच मोठे उमेदवार आहेत. एक सध्याचा ग्नोम, ज्याची आडव्या वर्कस्पेसची (खिडक्या वाटून ठेवायच्या वेगवेगळ्या पडद्यांची) रचना मार्च २०२१ च्या ग्नोम ४० पासून आहे. दुसरा केडीई प्लाझ्मा ६, फेब्रुवारी २०२४ पासूनचा. प्लाझ्मा आतून पूर्ण नवा आहे, पण पाहताक्षणी जुन्या वळणाचाच वाटतो. त्यामुळे ‘जुना की नवा’ हा प्रश्न फक्त दिसण्यावरून सोडवायला गेलात तर फसाल.

पायरी १: मशीन ओळखा

चार गोष्टी कागदावर लिहून काढा: रॅम किती, ग्राफिक्स कोणतं, डिस्क फिरती की एसएसडी, आणि पडद्याचं रिझोल्यूशन. मिंटमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये सगळं दिसतं, ग्नोममध्ये रॅम आणि ग्राफिक्स सेटिंग्जच्या ‘अबाउट’ पानावर.

रॅमबद्दल ढोबळ हिशेब असा. लॉगिन करून काहीही न उघडता एक्सएफसीई, माटे आणि एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप साधारण ५०० ते ९०० एमबी घेतात, सिनॅमन आणि प्लाझ्मा १ जीबीच्या आसपास, आणि उबुंटूमधला ग्नोम सव्वा ते पावणेदोन जीबी. हे आकडे डिस्ट्रोनुसार हलतात, म्हणून स्वतः मोजा. टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही कमांड द्या, तिला ‘डॅश एच’ जोडा आणि ‘अव्हेलेबल’चा रकाना पाहा. ‘फ्री’चा रकाना पाहून घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम डिस्कच्या कॅशसाठी वापरतो आणि लागली की परत देतो.

आता खरी गंमत. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की तो एकटाच दोन-तीन जीबी खातो. म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर हलका डेस्कटॉप घेतल्याचा फरक जाणवतो, ८ जीबीवर जवळपास नाही, आणि १६ जीबीवर त्याचा विचारही करू नये. ‘हलका हवा’ म्हणून ८ जीबीच्या मशीनवर एक्सएफसीई टाकणारे बरेच असतात. ते चूक नाही, पण कारण चुकीचं आहे.

डिस्क फिरती असेल तर डेस्कटॉप बदलण्याआधी ती बदला. अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीची पुरते. फिरत्या डिस्कवरच्या एक्सएफसीईपेक्षा एसएसडीवरचा ग्नोम चटपटीत वाटतो. ४ जीबी रॅम असेल तर जोडीला झेडरॅम चालू करा: डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज आहे, फेडोरा या डिस्ट्रोत ते २०२० पासून आपोआप चालू असतं. त्यात रॅममधलाच कमी वापरातला भाग दाबून लहान करून ठेवला जातो, त्यामुळे डिस्कवर स्वॅप होणं, म्हणजे रॅम भरली म्हणून हळू डिस्कचा आधार घेणं, बरंच लांबतं.

प्रोसेसर फार जुना असेल तर अडचण डेस्कटॉपची नसते, खालच्या डिस्ट्रोची असते. डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर काढून टाकला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ ही सुविधा असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलच्या बाबतीत २०१३ च्या हॅसवेलपासून पुढे. कोअर टू ड्युओवर डेबियन किंवा मिंटच घ्या आणि वर एक्सएफसीई.

पायरी २: एक्स११ की वेलँड, हे आधी ठरवा

जुन्या-नव्याची खरी फाळणी इथे आहे, मेन्यूच्या जागेवर नाही. पडद्यावर चित्र काढण्याची जुनी व्यवस्था म्हणजे एक्स११, १९८७ सालची. नवी म्हणजे वेलँड, २००८ पासून घडत आलेली. ग्नोम आणि प्लाझ्मा वेलँडवर गेले आहेत. उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमसाठी एक्स११ चं सेशनच (लॉगिन करताना निवडायचा पर्याय) उरलेलं नाही आणि रेड हॅट १० मधून एक्स सर्व्हर काढून टाकलाय. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई मात्र अजून मुख्यतः एक्स११ वर चालतात. सिनॅमनमध्ये वेलँडचं सेशन आहे, एक्सएफसीई ४.२० मध्ये काही भाग तयार आहे, पण दोन्ही ठिकाणी ते प्रायोगिक आहे. रोजच्या कामाला लावू नका.

एक्स११ कधी लागतंच? जुनं एनव्हिडिया कार्ड असेल आणि त्याला ३९० किंवा ४७० मालिकेचा ड्रायव्हर लागत असेल, तेव्हा. जीटी ७१० आणि ७३० ही आपल्याकडच्या असेंबल पीसीत सर्रास सापडणारी कार्डं याच गटातली. त्यांच्यावर वेलँड चाललं तरी रडतखडत चालतं: लुकलुकणं, झोपेतून उठल्यावर काळा पडदा. अशा वेळी दोन मार्ग. एक्स११ वर सिनॅमन किंवा एक्सएफसीई घ्या, नाहीतर पीसीत इंटेलचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवा.

कीबोर्ड-माउसच्या हालचाली आपोआप करणारी ऑटोकीसारखी साधनं वापरत असाल, तरी एक्स११ च. वेलँडमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा वाचता येत नाहीत की परवानगीविना पडदा पाहता येत नाही. सुरक्षेसाठी हे उत्तम, पण अशा साधनांचा पायाच काढून घेतला जातो. दुरून दुसऱ्याचा पीसी चालवणारी काही सॉफ्टवेअरही इथेच अडतात. घरच्यांचा लॅपटॉप दुसऱ्या गावाहून दुरुस्त करायची सवय असेल तर हे आधी तपासा.

उलट वेलँड कधी घ्यावं? लॅपटॉपचा पडदा बारीक पिक्सेलचा आणि टेबलावरचा मॉनिटर साधा असेल तेव्हा. दोघांना वेगवेगळं स्केलिंग (अक्षरं-चिन्हांचा आकार), एकाला १५० टक्के आणि दुसऱ्याला १००, हे एक्स११ ला नीट जमत नाही. प्लाझ्मा ६ मध्ये ते सगळ्यात सरळ होतं. टचपॅडवर तीन बोटांनी वर्कस्पेस सरकवायची आवड असेल तरी वेलँडच.

आपण कशात आहोत ते पाहायचं असेल तर ग्नोममध्ये ‘अबाउट’मधल्या ‘सिस्टिम डिटेल्स’मध्ये ‘विंडोइंग सिस्टिम’ वाचा, प्लाझ्मात ‘इन्फो सेंटर’मध्ये ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’.

पायरी ३: उमेदवार दोन किंवा तीनच ठेवा

*सिनॅमन.* विंडोज ७ ची सवय असलेल्या माणसाला शिकवणी लागत नाही. मिंटबरोबरच घ्या; इतर डिस्ट्रोंमध्येही मिळतो, पण त्याची काळजी घेणारी माणसं मिंटमध्ये आहेत. त्याला थ्रीडी ग्राफिक्स लागतं. ते नसेल तर लॉगिन झाल्यावर ‘सॉफ्टवेअर रेंडरिंग’ची सूचना येते आणि प्रोसेसर तापत राहतो. ती सूचना दिसली की हट्ट सोडा, एक्सएफसीईकडे जा. सिनॅमन गोठला तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबा. उघड्या फायली न घालवता तो स्वतःला पुन्हा सुरू करतो.

*एक्सएफसीई.* सगळ्यात कमी बदलणारा. २०१५ च्या ४.१२ वर शिकलेला माणूस आजच्या ४.२० वर गोंधळत नाही. पण त्याची तीन दुखणी ठाऊक हवीत. पहिलं, खिडकीची कड इतकी बारीक की माउसने पकडता येत नाही. कडेच्या नादी लागूच नका: ऑल्ट दाबून खिडकीत कुठेही उजवं बटण ओढा, आकार बदलतो. दुसरं, बंद करताना येणाऱ्या चौकटीत ‘सेव्ह सेशन’ची टिक राहिली तर त्या क्षणीची मोडकी अवस्था जपली जाते आणि पुढच्या वेळी पट्टीच गायब होते. तेव्हा ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये जाऊन जपलेली सेशन्स पुसा आणि ती टिक कायमची काढा. तिसरं, १२५ टक्के स्केलिंग मनासारखं करायला हातानेच जुळवाजुळव करावी लागते. ‘अपिअरन्स’मधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये डीपीआय ९६ वरून १२० करा, पट्टीची उंची ३२ च्या आसपास न्या, माउसच्या सेटिंगमध्ये बाणाचा आकार वाढवा. तिन्ही केलं तरच दृश्य प्रमाणात दिसतं. नुसता डीपीआय वाढवला की अक्षरं मोठी आणि चिन्हं इवलीशी, असं विचित्र चित्र होतं.

आजी-आजोबांच्या पीसीसाठी एक्सएफसीईचा एक गुण लाखमोलाचा: पट्टीच्या पसंतीत ‘लॉक पॅनेल’ आहे. टिक केली की चुकून ओढल्याने पट्टी हलत नाही. ‘माझं ते खालचं सगळं गेलं’ हा फोन यायचा बंद होतो.

*माटे.* ग्नोम २ ची ज्यांच्या बोटांना सवय आहे त्यांच्यासाठी. उबुंटू माटेमध्ये ‘माटे ट्वीक’ वापरून मांडणी एका क्लिकवर बदलता येते. ‘रेडमंड’ निवडलं की विंडोजसारखी पट्टी. सिनॅमन आवडत असेल तर याच्याकडे जायचं वेगळं कारण उरत नाही, अपवाद फक्त दुबळ्या ग्राफिक्सचा.

*ग्नोम.* माउस कमी आणि कीबोर्ड जास्त वापरणाऱ्यांसाठी. सुपर म्हणजे विंडोजची कळ दाबा, नावाची दोन अक्षरं टाइप करा, एंटर. हे अंगवळणी पडलं की मेन्यू शोधणं कंटाळवाणं वाटायला लागतं. पण पंधरा खिडक्या उघड्या ठेवून त्यांत उड्या मारणाऱ्याला, उदाहरणार्थ सोसायटीचे हिशेब, बँकेचं पान, मेल आणि पावत्यांच्या पीडीएफ एकदम उघडणाऱ्या खजिनदाराला, पट्टीवरची रांग नसणं जाचक होतं. फेडोरातल्या मूळ ग्नोममध्ये मिनिमाइजचं बटणही नसतं. उबुंटू ते देतो, शिवाय डावीकडे डॉक आणि डेस्कटॉपवर चिन्हं.

*प्लाझ्मा.* सगळं बदलता येतं, हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा सापळा. पहिल्या आठवड्यात रंग, आयकॉन, खिडक्यांचे नाच यांच्या नादी लागू नका. दोन गोष्टी मात्र लगेच पाहा. प्लाझ्मा ५ च्या मूळ मांडणीत फाइल एका क्लिकने उघडते, ६ मध्ये दोन क्लिकने. घरात दोन आवृत्त्या असतील तर दोन्हीकडे एकच पद्धत लावा. आणि डिस्क फिरती असेल तर ‘फाइल सर्च’ बंद करा, नाहीतर बालू नावाचा फायलींची सूची करणारा भाग पहिले काही दिवस डिस्क कुरतडत बसतो.

ट्रिनिटी आणि एलएक्सक्यूटी हे विशिष्ट गरजेचे. १ ते २ जीबी रॅमचं मशीन फक्त लिहायला-वाचायला ठेवायचं असेल तर विचार करा.

सपोर्टचा काळही पाहून घ्या. उबुंटू २४.०४ ला पाच वर्षं अपडेट मिळतात, पण त्याच पायावरच्या झुबुंटू (एक्सएफसीईवाला), कुबुंटू (प्लाझ्मावाला) आणि उबुंटू माटे यांना तीनच, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. मिंट २२ च्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई या तिन्ही आवृत्त्यांना २०२९ पर्यंत. डेबियन १३ ला तीन वर्षं नियमित आणि पुढे दोन वर्षं एलटीएस, म्हणजे लांबवलेला सपोर्ट. म्हणून एक्सएफसीई हवा असेल तर झुबुंटूपेक्षा मिंट किंवा डेबियन फायद्याचं.

पायरी ४: इन्स्टॉल न करता चाचणी

३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर व्हेंटॉय टाका, म्हणजे एकाच पेनड्राइव्हवरून अनेक डिस्ट्रो सुरू करता येतात; आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यातले फोटो आधी काढा. मग मिंट, उबुंटू आणि एखादा प्लाझ्मावाला डिस्ट्रो यांच्या आयएसओ फायली साध्या कॉपी करा. मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास असते, उबुंटूची जवळपास ६. डाउनलोड अर्धवट झालेली फाइल बूट होताना मध्येच दगा देते आणि दोष लॅपटॉपवर येतो, म्हणून शा-२५६ ची बेरीज, म्हणजे फाइलवरून निघणारा पडताळणीचा आकडा, साइटवरच्या आकड्याशी जुळवून घ्या.

डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून बूटची यादी येते. सिक्युअर बूट चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्यांदा निळा पडदा दाखवून की नोंदवायला सांगतो. ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ निवडून व्हेंटॉयच्या भागातली फाइल दाखवा. हे एकदाच करावं लागतं. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर आधी तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा आणि बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा.

पेनड्राइव्हवरूनच चालवण्याच्या या लाइव्ह चाचणीत वेग जोखू नका, पेनड्राइव्ह हळूच असतो. हार्डवेअर जोखा: वायफाय, आवाज, ब्राइटनेसच्या कळा, झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, एचडीएमआयवर टीव्ही दिसतो का, प्रिंटर सापडतो का.

पायरी ५: आठवडाभर वापरून बघा, पण वेगळ्या खात्यात

एक डिस्ट्रो बसवल्यावर त्यावर दुसरा डेस्कटॉप टाकून पाहता येतो. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून क्रम पाळा.

आधी टाइमशिफ्ट या साधनाने स्नॅपशॉट घ्या, म्हणजे सिस्टिमची आताची अवस्था जपली जाते. मिंटमध्ये तो असतोच, इतरत्र बसवा. त्यात होम फोल्डर नसतं हे लक्षात ठेवा. आपली कागदपत्रं वेगळी जपायची आहेत. आणि हे काम पुण्यात गुरुवारी काढू नका. देखभालीसाठी वीज जाण्याचा वार तो, आणि बॅटरी नसलेल्या पीसीवर पॅकेजं अर्धवट बसली की आधी ती निस्तरत बसावं लागतं.

मग पॅकेज निवडा. उबुंटूवर ‘कुबुंटू-डेस्कटॉप’ मागितलं तर दुसरा ईमेल प्रोग्रॅम, दुसरा फोटो पाहणारा, दुसरं सॉफ्टवेअर सेंटर असा अख्खा संसार येतो. ‘केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप’ हे त्याहून आटोपशीर. एक्सएफसीईसाठी नुसतं ‘एक्सएफसीई४’ आणि सोबत त्याचं ‘गुडीज’ पॅकेज पुरतं. डेबियनवर टास्कसेल ही कमांड चालवून यादीत टिक करा. बसवताना ‘डिफॉल्ट डिस्प्ले मॅनेजर कोणता’ असं विचारलं तर आधीचाच ठेवा. लॉगिनचा पडदा बदलून काही साधत नाही, उलट काळ्या पडद्यापाशी अडकायची शक्यता वाढते.

प्रत्येक डेस्कटॉपसाठी नवं युजर खातं करा. एकाच खात्यात दोन्ही चालवले की थीम, फॉन्ट, बाण, ‘ही फाइल कशात उघडायची’ हे सगळं एकमेकांवर चढतं आणि नंतर दोन्ही बिघडलेले दिसतात. खात्याचं नाव निवडल्यावर उबुंटूत खाली उजवीकडे दातेरी चक्र येतं, मिंटमध्ये नावाशेजारी छोटं चिन्ह. तिथून सेशन निवडा. हे चक्र एकापेक्षा जास्त सेशन असतील तरच दिसतं.

आता सात दिवस खरं काम करा: मराठी पत्र लिहून छापा, फोन केबलने जोडून फोटो उतरवा, वीजबिलाची पीडीएफ शोधून काढा, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करा. पहिल्या दोन दिवसांच्या चिडचिडीला किंमत देऊ नका. ती सवयीची असते. पाचव्या दिवशीही जी गोष्ट टोचते तिची नोंद ठेवा.

दोन डेस्कटॉप एकत्र नांदताना एक विचित्र लक्षण दिसतं. कॅल्क्युलेटरसारखा साधा प्रोग्रॅम उघडायला बरोबर २५ सेकंद लागतात. रॅमचा यात काही दोष नाही. प्रोग्रॅम ‘डेस्कटॉप पोर्टल’ नावाच्या मध्यस्थाला हाक मारतो, त्या सेशनसाठीचा मध्यस्थ बसवलेला नसतो आणि मुदत संपेपर्यंत तो वाट पाहतो. त्या डेस्कटॉपचं ‘एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल’ पॅकेज बसवा. ग्नोम, केडीई आणि एक्सएफसीईसाठीच्या जीटीके अशा वेगवेगळ्या जाती आहेत. स्क्रीन शेअर करताना काळी चौकट दिसते, त्याचंही कारण बहुतेक वेळा हेच.

दुसरं लक्षण: ऑटो-लॉगिन चालू केलं की ब्राउझर उघडताना ‘कीरिंग’ किंवा ‘के-वॉलेट’ पासवर्ड मागतं. पासवर्डांची तिजोरी लॉगिनच्या पासवर्डानेच उघडते. तोच दिला नाही तर ती वेगळा मागणारच. ऑटो-लॉगिन बंद करणं हा सरळ उपाय.

मराठी लिहिण्याची कसोटी

हिंदी-इंग्रजी परीक्षणांत ही कसोटी सापडणार नाही, पण आपल्याकडे निवड बऱ्याचदा इथेच फिरते.

इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड येत असेल तर सगळे डेस्कटॉप सारखेच. कीबोर्डच्या यादीत भारताखाली ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ हा आराखडा निवडा. खात्रीसाठी ‘दऱ्या’ लिहून बघा: ऱ साठी शिफ्ट-जे, मग हलंताला डी, मग य ची स्लॅशची कळ, मग काना ई. ळ शिफ्ट-एनवर. दऱ्याचा ‘दर्या’ होत असेल तर शिफ्टविना जे दाबलाय. आराखड्याचा दोष नाही. उच्चारानुसार लिहायचं असेल तर त्याच यादीत ‘मराठी, कगप फोनेटिक’ आहे. तो कुठल्याही वेगळ्या सॉफ्टवेअरविना चालतो.

फरक पडतो तो रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी उमटवणाऱ्या पद्धतींना. त्यांना आयबस हा टायपिंगच्या पद्धती सांभाळणारा प्रोग्रॅम आणि त्याचं ‘एम१७एन’ पॅकेज लागतं. ग्नोममध्ये आयबस अंगभूत आहे: सेटिंग्ज, कीबोर्ड, ‘इनपुट सोर्सेस’, अधिकचं चिन्ह, मराठी, अदलाबदल सुपर-स्पेसने. मिंटमध्ये ‘इनपुट मेथड’ नावाचं साधन उघडून आयबस बसवा आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करता ‘चालत नाही’ म्हणणारे निम्मे. प्लाझ्मात वेलँडवर आणखी एक पायरी आहे जी कोणी सांगत नाही: सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या अनपेक्षित ठिकाणी जाऊन ‘आयबस वेलँड’ निवडावं लागतं. ते केलं नाही तर काही प्रोग्रॅममध्ये मराठी उमटते, काहींत नाही. एक्सएफसीईत ‘कीबोर्ड’च्या ‘लेआउट’ पानावर ‘सिस्टिम डिफॉल्ट्स’ची टिक काढल्याशिवाय नवा आराखडा जोडताच येत नाही.

टायपिंगची शासकीय परीक्षा रेमिंग्टनवर दिलेल्यांनी लाइव्ह चाचणीतच आयबसच्या यादीत आपला आराखडा पाहावा आणि पानभर टाइप करून जोडाक्षरं तपासावीत. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली कागदपत्रं कुठलाही डेस्कटॉप घेतला तरी तो फॉन्ट बसवलेला नसेल तर गिचमिड दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणं बरं.

नवा घेतला, पण वळण जुनं हवं

ग्नोमवर एक्स्टेन्शन म्हणजे वरून जोडायचे छोटे भाग. त्यासाठी ‘एक्स्टेन्शन मॅनेजर’ बसवा आणि त्यातून ‘डॅश टू पॅनेल’ आणि ‘ॲप-इंडिकेटर’ घ्या. मेन्यू हवाच असेल तर ‘आर्क मेन्यू’. इथे थांबा. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एक्स्टेन्शन त्या-त्या आवृत्तीपुरतंच मंजूर असतं, म्हणून दहा लावलीत तर प्रत्येक अपग्रेडला त्यातली दोन-तीन बंद पडणार. पाचाहून जास्त लागत असतील तर तुम्हाला ग्नोम नको, सिनॅमन हवाय. दोन वर्षांनी एकदाच बदलणाऱ्या एलटीएसवर हा त्रास बराच कमी.

एक्स्टेन्शनमुळे लॉगिन होऊन लगेच बाहेर फेकलं जात असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने मजकुराच्या पडद्यावर या, लॉगिन करा, आणि होममधल्या ‘.लोकल’ फोल्डरात ‘शेअर’, त्यात ‘ग्नोम-शेल’, त्यात ‘एक्स्टेन्शन्स’ या फोल्डराचं नाव बदला. पुढचं लॉगिन कोरं होतं.

प्लाझ्मात असं काही जोडावं लागत नाही. पट्टीवर उजवं क्लिक, ‘एडिट मोड’, आणि चिन्हांच्या यादीऐवजी नावांसकट दिसणारा टास्क मॅनेजर निवडा. मेन्यूची जुनी पद्धत ‘शो अल्टर्नेटिव्ह्ज’मध्ये आहे.

निवड झाली की नको असलेला डेस्कटॉप एकेक पॅकेज शोधून काढत बसू नका. वरचं पॅकेज काढलं तरी त्याने आणलेली शेकडो पॅकेजं मागे राहतात. चाचणीआधीच्या स्नॅपशॉटवर परत जा, नाहीतर निवडलेल्या डिस्ट्रोचं ताजं इन्स्टॉलेशन करा; एसएसडीवर वीसेक मिनिटांचं काम. मनासारखी मांडणी लागली की तीही जपा. एक्सएफसीईत ‘पॅनेल प्रोफाइल्स’मधून पट्टी एका फाइलमध्ये साठवता येते, प्लाझ्मा आणि सिनॅमनसाठी होममधलं ‘.कॉन्फिग’ फोल्डर कॉपी करून ठेवा. सिनॅमनच्या बाबतीत ॲपलेट ‘.लोकल’मध्ये असतात, तेही घ्या. या फायली पेनड्राइव्हवर ठेवा, कारण टाइमशिफ्ट होमला हात लावत नाही.